अश्वजितने घेतलेलं पेडल

अश्वजित,

जय भीम. फोन करत नाही, कारण फोनवर तुला माझं अर्धंच कळतं आणि उरलेल्या अर्ध्याला तू "हो आत्या, हो आत्या" करत बसतोस. मागे मी विचारलं, तुझ्या पुनमचा ताप उतरला का, तर तू म्हणालास, "हो, तांदूळ पाठवतो." तांदूळ आला, चांगला होता. तापाचं मात्र मला शेवटी पुनमलाच विचारावं लागलं. म्हणून हे पत्र.

तुझ्यावर लिहू का असं विचारलं तेव्हा तू म्हणालास, "लिही ना, पण मले बिचारा नको करू." नाही करणार. बिचारी माणसं मला सोसत नाहीत. समोर बसून उसासे टाकतात आणि चहा गार करतात. एक मात्र करते. इथून पुढे तुला 'तो' म्हणते आणि स्वतःला 'आत्या'. तुझ्याशी बोलत लिहायला लागले तर मी तुला रागावत सुटेन आणि सांगायचं ते बाजूला राहील.

तर हा अश्वजित, देवरावचा मुलगा. देवराव हा आत्याचा थोरला भाऊ, आलापल्लीच्या लाकूड डेपोत चौकीदार होता. सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्यांमध्ये पोरगा वाढला. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर ऑर्केस्ट्रा यायचा, तेव्हा बाकीची पोरं ट्रकपुढे नाचायची आणि हा ट्रकच्या बाजूने, गिटारवाल्याच्या बोटांकडे बघत, गावभर चालायचा. पुढे त्याच ऑर्केस्ट्रात शिरला. आत्याने चंद्रपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं. भाच्याने निदान बी. ए. व्हावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. तेही त्याने अर्ध्यावर सोडलं आणि वडशाला जाऊन नाटक कंपनीत बसला. आत्या वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. मग त्याचं वाजवणं एकदा ऐकलं आणि बोलायला लागली. तिने कारण सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

ज्यांना आमच्या पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची नाटकं माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली की वडशात नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या उघडतात. गावोगावची मंडळी येतात, आपल्या मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, नाटक ठरवून जातात, आणि होळीपर्यंत कंपनीची गाडी आज या गावी, उद्या त्या गावी. नाटकात गाणी हवीत, विनोद हवा, आणि सगळ्यात जास्त रडू हवं. बायका पदर ओला करून घरी गेल्या नाहीत तर ते गाव पुढच्या वर्षी दुसरी कंपनी बोलावतं. हे रडवण्याचं काम निम्मं नायिकेचं आणि निम्मं अश्वजितचं. संगीतवाले स्टेजच्या पुढ्यात, भोंग्याच्या खोक्यांना पाठ लावून बसतात. लांब बसले तर गर्दीच्या गलक्यात नटांचं बोलणं पोचत नाही. त्यांच्यापुढे कागद नसतो, तालीमही नावाला. नायिकेच्या वाक्याचा शेवटचा शब्द कानावर पडला की सूर सोडायचा. शब्द आणि सूर यांच्यामध्ये श्वासाएवढी जागा. ती जागा अश्वजितएवढी नेमकी कोणाला सापडत नसे. नायिका रंजीता तर म्हणायची, "अश्वजितभाऊ असले का मले रडाचं नाटक कराच नाई लागत."

एका हंगामात ती जागा चुकायला लागली. कधी सूर उशिरा यायचा, कधी रंजीताचं वाक्य संपायच्या आतच तिच्या अंगावर जाऊन पडायचा. कंपनीचा मालक धनराजभाऊ वाईट माणूस नाही. पण त्याला गावांना तोंड द्यावं लागतं.

"अश्वजितभाऊ, डोया लागला होता का?"

"नाई ना बावा. आवाज गिचमिड होऊन राह्यला."

"पाहा बावा. त्या दुसऱ्या कंपनीनं संगीत लॅपटॉपात भरून ठेवलं. बटन दाबलं का वाजते. त्याले झोप येत नाई, चहा लागत नाई, घरी लग्न बी नसते त्याच्या."

सगळे हसले, अश्वजितही हसला. पण घरी जाऊन त्याने विचार केला, आणि त्याचा विचार चांगला बिनचूक, पायरी पायरीने चाललेला होता. आत्यालासुद्धा त्यात खोट दिसली नाही.

त्याच्या पायाशी एक डबी असायची, डीलेचं पेडल. गिटारवर वाजवलेला सूर त्या डबीत शिरतो आणि क्षणभराने परत येतो, मग पुन्हा, मग पुन्हा. रडायच्या प्रसंगात हे लागतंच, नाहीतर गिटार उघडीबोडकी वाटते. त्याची डबी स्वस्तातली, डिजिटल. तिच्यातून परत येणारा प्रत्येक सूर पहिल्यासारखाच खणखणीत, झेरॉक्स काढल्यासारखा. अश्वजितचं म्हणणं असं की हे खणखणीत सूर रंजीताच्या शब्दांवर जाऊन बसतात आणि शब्द झाकून टाकतात. महागातली अ‍ॅनालॉग डबी घेतली तर तसं होणार नाही.

"काऊन होणार नाही?" आत्याने त्याच्याच बोलीत विचारलं.

"आत्या, तू फिजिक्सवाली ना? स्लॅब टाकताना घमेलं कसं जाते? ह्याच्या हातातून त्याच्या हातात. दर हाताले थोडं सांडते. त्या डबीत तसेच बारके बारके खण असते, सूर हातोहात पुढं जाते. थोडा सांडते. मनून परत येते तवा मऊ येते, आंधारलेला. दुसऱ्या वेळी आणखी मऊ. नायिकेच्या आवाजाले जागा सोडते."

आत्याने आयुष्यात पुष्कळ विद्यार्थ्यांची पुष्कळ उत्तरं तपासली होती. हे उत्तर बरोबर होतं.

कंपनीत मात्र वाद झाला. आवाजाची व्यवस्था पाहणारा लच्छू म्हणाला, "अश्वजितभाऊ, तुमी सोनं आना का पितळ आना, माह्या भोंग्यातून निघालं का सारंच टिनपत्रा होते."

"तू आंधी तुह्या मिक्सरवरचा एको कमी कर."

"एको कमी केला तर गाववाले मनते, पैसे पुरे घेतले, आवाज अर्धाच देला!"

यात लच्छूचंही काही चुकत नव्हतं. आत्याला कोणी तरुण गिटारवाला आज विचारील की असं महागडं पेडल घ्यावं का, तर ती त्याला आधी हेच विचारेल की बाबा, तू वाजवतोस कुठे, आणि तुझा लच्छू कोण आहे. बंद खोलीत, चांगल्या स्पीकरवर, मन लावून ऐकणाऱ्यांपुढे वाजवत असशील तर घे, फरक आहे, आणि तो मोठा आहे. उघड्या मैदानात भोंग्यांवर वाजवत असशील तर आधी लच्छूशी मैत्री कर. पण अश्वजितला ध्यास लागला होता. नागपूरच्या दुकानात जाऊन तो ती डबी वाजवून आला होता. "असा मऊ आला आत्या, असा मऊ," एवढंच तो सांगायचा. जुनी डबी शेजारी ठेवून पाहिली का, हे तिने विचारलं नाही, आणि त्याला सुचलं नाही. कंपनीतली जागा टिकवायची होती ना, माणूस मग आशेनेच ऐकतो. त्याने मोटारसायकल विकली आणि डबी आणली. आत्या म्हणाली, "ठीक आहे. सुताराने रंधा घेतला तर कोणी त्याला विचारत नाही."

पुढच्या दिवाळीनंतर आत्या चंद्रपूरच्या चांदाफोर्ट स्टेशनहून गाडीने वडशाला आली. दुपारची वेळ, अंगणात धान वाळत घातलेलं, त्याची बायको पुनम उंबऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. अश्वजितने दोन्ही डब्या जमिनीवर शेजारी मांडल्या, छोटा अ‍ॅम्प्लिफायर खुर्चीवर ठेवला.

"आत्या, भिंतीकडं तोंड करून बस. मी वाजोतो, तू सांग, जुनी का नवी."

"मी काय शाळेतली पोर आहे?"

"बस ना वं. जल्मभर लोकाइच्या परीक्षा घेतल्या, आज मी तुही घेतो."

आत्या बसली. त्याने वाजवलं. सूर परत आला, तसाच, पुन्हा तसाच, दारावर टकटक करत राहणाऱ्या वसुलीवाल्यासारखा. "जुनी," आत्या म्हणाली. मग दुसरं वाजलं, आणि आत्याने मान वळवली नाही, पण तिच्या पाठीचा ताठा गेला. सूर परत येताना दर वेळी थोडा मागे सरत होता, थोडा सावळा होत होता. कोणीतरी बोलत बोलत झाडीत आत जावं, शब्द कळेनासे व्हावेत आणि माणूस आहे एवढंच कळत राहावं, तसा.

"ही नवी," ती म्हणाली. "आणि गाडी विकलीस ते बरं केलंस."

दर वेळी तिचं बरोबर आलं. अश्वजित खूश झाला. "कान हाये का का हाये आत्या तुहा!"

"आता तू बस तिकडे तोंड करून," आत्या म्हणाली. तिला गिटार येत नव्हती, पण बारकी तार छेडायला काय यावं लागतं? चप्पल काढून तिने अंगठ्याने जुनी डबी दाबली आणि तार छेडली.

"नवी," अश्वजित म्हणाला.

आत्याला वाटलं, थट्टा करतोय. तिने पुन्हा जुनीच दाबली.

"नवीच."

मग नवी दाबली. "हे... जुनी असन."

"अश्वजित, चावटपणा पुरे."

"मी कुठी चावटपणा करून राह्यलो? तुमीच माही मजा घेऊन राह्यल्या दोघी."

उंबऱ्यातून पुनम म्हणाली, "अवो, हे तर नवी होय. ते जुनी टणटण करते ना. मले बी समजते, मी तर तुमचा गिटार ऐकत बी नाई." ती हसत हसत बोलली आणि मग तिचे हात शेंगांवर थांबले.

अश्वजित उठला. अ‍ॅम्प्लिफायरजवळ गुडघ्यांवर बसला, कान अगदी जाळीला लावला, हात लांब करून स्वतःच तार छेडली. एक डबी दाबली, दुसरी दाबली, पुन्हा पहिली. बराच वेळ तो तेच करत होता. अंगणात कोंबड्या धानात शिरल्या, पण त्यांना हाकलायला कोणी उठलं नाही. शेवटी त्याने वायर नीट गुंडाळली आणि म्हणाला, "कानात मळ असन."

रंजीताचे शब्द कशामुळे झाकले जात होते, ते त्या अंगणात तिघांनाही कळलं. पण मळच असेल, असं तिघंही म्हणाले. पुनमने तेल कोमट केलं.

आत्या मळावर थांबणारी बाई नव्हे. पुढच्याच आठवड्यात तिने त्याला चंद्रपूरला बोलावून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत त्याला बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. सुरुवातीला तो दाबत होता. मग तपासणारी मुलगी वरचे सूर लावू लागली, आवाज वाढवत गेली, इतका की हेडफोनमधून निसटलेली ती बारीक शिट्टी दाराशी बसलेल्या आत्याला, सत्तरी उलटलेल्या कानांनी, ऐकू आली. अश्वजित बटणावर अंगठा ठेवून, मुलीकडे बघत, शहाण्या मुलासारखा वाट पाहत बसला होता. त्याला वाटत होतं, अजून सुरू व्हायचं आहे.

डॉक्टरांनी गोल गोल बोलणं टाळलं, हे आत्याला आवडलं. वरचे सूर गेले, ते परत येत नाहीत. बायकांचं बोलणं, शब्दांच्या कडा, हे सगळं वरच्या सुरांत असतं. भोंग्यांना पाठ लावून इतकी वर्षं बसल्याचं हे फळ. ते बसणं सोडलं तर उरलंय ते राहील. कानात यंत्र घातलं तर बोलणं बरं कळेल.

परतताना स्टेशनवर आत्या म्हणाली, "यंत्र घे."

"कानात मशीन घालून बसलो तर धनराजभाऊ त्याच दिवशी लॅपटॉप आणते."

"मग भोंग्यापासून लांब बस."

"लांब बसलो तर काहीच नाई ऐकू येत, आत्या."

आत्याने चहा मागवला.

मार्ग रंजीताने काढला. तिला सांगावंच लागलं. ती ऐकून रडली नाही, म्हणाली, "भाऊ, मी वाक्य संपवलं का पदराचं टोक बोटाले गुंडाळीन. तुमी माह्या तोंडाकडं पाहूच नका, बोटाकडं पाहा." तेवढ्यावर तो हंगाम उभा राहिला. ती पदर गुंडाळायची, तो सूर सोडायचा, आणि जागा पुन्हा नेमकी पडू लागली. लच्छूनेही, कुणी न सांगता, गिटारवरचा एको उतरवला. वैनगंगेच्या दोन्ही अंगांच्या गावांतून 'वन्समोर' येऊ लागले, गाण्याला नव्हे, गिटारला. एका गावी एक म्हातारा स्टेजजवळ आला आणि म्हणाला, "बाबू, तुहा बाजा लय दुरून येऊन राह्यला." हे अश्वजितने आत्याला येऊन सांगितलं. सांगताना तो आनंदात होता. मग म्हणाला, "सगळ्याइले ऐकू येते, आत्या. माह्यासाठी दोन्ही डब्या सारख्याच."

तेव्हाच त्याने तिला एक काम सांगितलं. गोंडपिपरीकडच्या एका गावी त्यांचं नाटक ठरलं होतं, चंद्रपूरहून ते सोयीचं. "तू ये. पुढं नको बसू, पाव्हण्यांच्या खुर्चीवर तर बिलकुल नको. एकदम मांगं जाऊन बस, जिथी शेंगदाणेवाले बसते. तिथी कसा पोचते ते ऐक. आन् मले सांग. 'छान होतं' मनू नको. जसं तू पेपर तपासत होती, तसं सांग. पयला परत कसा येते, दुसरा कसा, कुठी जाऊन विरते. मी काय घेतलं, ते मले समजू दे."

"सांगेन," आत्या म्हणाली.

त्या नाटकाच्या आधी रंजीताला मलेरिया झाला. कंपनीने ब्रह्मपुरीहून दुसरी नायिका आणली, दिव्या नावाची, गुणी पोरगी. तिला वाक्यं पाठ होती. पदराचं तिला कोणीच सांगितलं नाही. अश्वजितला वाटलं रंजीताने सांगितलं असेल, रंजीताला वाटलं अश्वजित सांगेल. धनराजभाऊला तर सांगायचंच नव्हतं, म्हणून सारं कुजबुजत चाललेलं होतं, आणि कुजबुज अश्वजितपर्यंत पोचत नव्हती.

गोंडपिपरीच्या आधीचंच एक गाव, आई घर सोडून निघते तो प्रसंग. दिव्याने पदर बोटाला गुंडाळला, पण वाक्य संपल्यावर नव्हे. बोलता बोलता, घाबरून, नवख्या पोरी गुंडाळतात तसा. अश्वजितने सूर सोडला. तो मऊ, सावळा, लांबून येणारा सूर तिच्या वाक्याच्या मधोमध पडला आणि परत परत येत राहिला. ती थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा पदर, पुन्हा सूर. मागून शिट्ट्या आल्या. एकजण ओरडला, "बुडा झोपेत वाजवून राह्यला का बे!" शिट्ट्यासुद्धा वरच्या सुरातल्या. अश्वजितला लोक हसताना दिसले, आणि विनोदी पात्र आत आलं असेल असं वाटून तो थोडा हसला.

धनराजभाऊ रागावला नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः घरी आला, अंगणात बसला, पुनमच्या हातचा चहा प्याला आणि अश्वजितच्या अगदी समोर तोंड करून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत बोलला, "मले रंजीतानं सांगितलं. आंधीच सांगाचं होतं गा." मग खाली बघून आणखी काही म्हणाला. तेवढं अश्वजितला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची गरज वाटली नाही.

आता तो वडशाच्या एका राईस मिलमध्ये आहे. तिथे इतका घडघडाट की कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही, सगळे हातांनीच बोलतात. त्यात तो इतरांसारखाच एक. कानात यंत्र घेतलंय, रविवारी घालतो. दोन्ही डब्या पुनमने कपाटात ठेवल्या आहेत. नवी विकून टाका असं लच्छू दोनदा सांगून गेला, चांगलं गिऱ्हाईक आहे म्हणाला. अश्वजित हो म्हणतो, आणि देत नाही.

गोंडपिपरीकडच्या त्या गावी नाटक ठरल्या तारखेला झालं, लॅपटॉपवर. आत्याने जाण्यासाठी शाल आणि पाण्याची बाटली पिशवीत भरून ठेवली होती. सकाळी पुनमचा फोन आला, अश्वजित आता कंपनीत नाही म्हणून. आत्याने पिशवी रिकामी केली. पुढे भेटी झाल्या, पुष्कळ झाल्या. त्याने कधी विचारलं नाही. आत्याही त्या मंडपात, शेंगदाणेवाल्यांपाशी, कधी बसली नाही, आणि शेवटच्या रांगेत तो सूर कसा पोचत होता ते अश्वजितला सांगायचं राहिलं.